पाण्याचा दिवस आणि प्लंबरची वही

धाकट्या बहिणीचा फोन आला. आधी इकडचं-तिकडचं झालं, मग आवाज जरा खाली आणून तिनं विचारलं, "प्लंबरला महिन्याला किती सुटत असतील गं?"

तिचा मुलगा बी.कॉम. होऊन दोन वर्षं एका मोबाइलच्या दुकानात उभा असतो. पगार बारा हजार. पुण्याच्या एका कंपनीकडून सोळा हजारांचं बोलावणं आलंय, त्यातले पाच-सहा हजार कॉट बेसिसवर जाणार, उरलेले मेस आणि बसला. आणि आता तो म्हणतोय, मावशीकडे येतात त्या अण्णांच्या हाताखाली काम शिकतो. बहीण रडवेली झाली होती. "दुकानात आहे म्हटलं तर मुलीकडचे निदान येऊन बसतात तरी," ती म्हणाली. "प्लंबर म्हटल्यावर चहाला तरी थांबतील का?"

स्थळाच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैशाच्या प्रश्नाला असू शकत होतं. मी अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवते. बावीस वर्षं मुलांना जमा-नावे, येणे-देणे, घसारा हेच सांगत आलेय. कुणाची कमाई किती, हे विचारलं की पगाराचा एक आकडा सांगून मोकळं व्हायचं, ही आपली पद्धत. पण अण्णांना पगार नाही. त्यामुळे तिला सांगितलं, थांब, मी त्यांनाच विचारते.

अण्णांना फोन केला तर ते म्हणाले, "पाणी नसलेल्या दिवशी या ताई. पाण्याच्या दिवशी मला जेवायलाबी टाइम नसतोय."

बाहेरगावच्या माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागेल. सोलापुरात नळाला पाळी असते. कधी तीन दिवसांआड, कधी चार, कधी पाच. असं नाही की पाणी नाहीच. १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण आमच्या जिल्ह्यातच आहे आणि तिथून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी शहरात येते. शिवाय धरणातून भीमेत सोडलेलं पाणी औज आणि चिंचपूरच्या बंधाऱ्यांत अडवून टाकळीहून उपसतात. तिसरा आधार हिप्परग्याच्या तलावाचा, तो इंग्रजांच्या काळातला. इतकं असून माझ्या स्वयंपाकघरातला महापालिकेचा नळ आठवड्यातले बहुतेक दिवस कोरडा असतो, आणि येतो तेव्हा रात्री अडीचलाही येतो.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरानं आपला आपला पाणीपुरवठा उभा केलेला असतो. अंगणात जमिनीखाली हौद, गच्चीवर सिंटेक्सची टाकी, दोघांच्या मधे मोटर, फूट व्हॉल्व, आणि भरलं की पाणी आपोआप बंद करणारा बॉल कॉक. बोअर असेल तर तिची लाइन निराळी, आणि दोन पाणी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून आणखी व्हॉल्व. बोअरचं पाणी क्षाराचं. वर्ष-दोन वर्षांत नळाचा स्पिंडल जाम होतो, शॉवरची भोकं पांढरी पडून बुजतात. चोवीस तास पाणी असलेल्या गावातल्या घरापेक्षा आमच्या घरात बिघडण्यासारख्या वस्तू कितीतरी जास्त. पाण्याच्या टंचाईवर या गावातल्या प्लंबरची चूल पेटते, हे ऐकायला कसंतरी वाटतं, पण तसंच आहे.

आणि गळती सापडते ती पाण्याच्या दिवशीच. एरवी लाइन कोरडी, त्यामुळे मीटरजवळचा एल्बो, म्हणजे पाइपाचा वळणाचा जोड, फुटलाय हे कुणाच्या गावीही नसतं. पाणी सुटलं की दोन तासांत एकाच पट्ट्यातून दहा-बारा फोन. प्रत्येकाला आत्ताच हवं असतं, कारण ते दोन तास वाया गेले तर पुढचे चार दिवस टँकर. अण्णांच्यानं त्यातली चार कामं होतात, फार तर पाच. बाकीचे दुसऱ्याला बोलावतात. दुसऱ्या दिवशी अण्णा घरी असतात आणि कुणालाच त्यांची गरज नसते.

माझे आजोबा मिलमध्ये होते. १८७७ साली इथं पहिली कापडगिरणी सुरू झाली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं हे गाव भोंग्यावर उठलं-बसलं. घरात पगाराची तारीख सगळ्यांना पाठ असायची, लहान पोरांनासुद्धा. आता पाठ असते ती पाण्याची पाळी. अण्णांच्या घरात या दोन गोष्टी एकच आहेत.

त्यांच्याकडे जायच्या आधी एक प्रसंग सांगते, कारण तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात होता. गेल्या महिन्यात आमच्या जुन्या बाथरूमचा नळ गळत होता म्हणून अण्णा तो फिरवून काढत होते, तर भिंतीतला लोखंडी निप्पल, म्हणजे नळ आणि एल्बो जोडणारा आखूड पाइप, गंजून आतच तुटला. अर्धा नळाबरोबर हातात आला, अर्धा भिंतीतल्या एल्बोत अडकून राहिला. बावीस वर्षांपूर्वीच्या फिकट निळ्या टाइल्स, आता त्या कुठं मिळणार? माझा चेहरा बघून अण्णा म्हणाले, "थांबा ताई, लगेच फोडत नाही."

पिशवीतून हॅक्सॉचं नुसतं पातं काढलं. त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळून मूठ केली आणि पातं त्या अर्ध्या इंचाच्या भोकात घालून तुटक्या निप्पलला आतल्या बाजूनं कापायला लागले. एका वेळी पातं पुढं-मागं होणार बोटभर. निप्पलची जाडी कापायची, पण त्याच्यामागच्या एल्बोच्या आट्यांना पातं लागू द्यायचं नाही, कारण आटे गेले की सगळंच गेलं. दिसत काहीच नव्हतं. ते दर थोड्या वेळानं थांबून करंगळी आत घालत, चाचपत, पुन्हा सुरू करत. एक चीर झाली, मग तिच्या शेजारी दुसरी. मग बारीक छिन्नीनं मधला तुकडा आत वाकवला, पक्कडीत धरला आणि उलटा फिरवत गंजलेलं कडं अख्खं बाहेर काढलं. एल्बोचे आटे शाबूत. टॉर्च लावून त्यांनी मला ते दाखवले, सोनार दागिना दाखवतो तसे. मग नव्या निप्पलला ताग गुंडाळून सफेदा लावला आणि बसवला. पाऊण तास लागला असेल.

"किती झाले अण्णा?"

"द्या की चारशे."

मी चारशे दिले. टाइल्स फोडाव्या लागल्या असत्या तर गवंडी, त्याचा बिगारी, नव्या टाइल्स आणि दोन दिवसांची धूळ. त्यांनी माझे किती वाचवले याचा हिशेब मी रात्री केला. त्यांनी तो केलेला नव्हता.

अण्णांचं घर साखर पेठेत. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि तीही आमच्या सोलापूरची. वडील पॉवरलूमवर चादरी विणायचे, आई विड्या वळायची. दोघांची मजुरी नगावर: चादरीला इतके, हजार विड्यांना इतके. आजारी पडलं तर शून्य. कारखान्यातल्या खडखडाटानं वडिलांना चाळिशीतच कमी ऐकू यायला लागलं, ते बघून अण्णा पंधराव्या वर्षी एका प्लंबरच्या हाताखाली गेले. "मागाचा आवाज नको म्हणून गेलो," ते म्हणाले. "पण मजुरी तीच. तिथं नग, इथं पॉइंट."

पॉइंट म्हणजे पाण्याच्या प्रत्येक तोंडाची जागा: बेसिनचा एक, कमोडचा एक, गीझरचे दोन. नव्या बांधकामात पॉइंटवर किंवा बाथरूमवर दर ठरतो. दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलं तर हजेरी. हल्ली मिस्त्रीला आठशे-नऊशे, मदतनिसाला पाचशे. आणि घरगुती दुरुस्तीला दरच नाही, तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून ठरतो.

मी विचारलं, "महिन्याला साधारण किती सुटतात?"

त्यांनी बराच वेळ विचार केला. टाळत नव्हते, खरंच माहीत नव्हतं. मग फडताळातून वही काढली. शाळकरी मुलांची दोनशे पानी वही, कोपरे पाण्यानं फुगलेले. "तुम्ही हिशेबाच्या मॅडम. तुम्हीच बघा."

मला वाटतं, बावीस वर्षांत मी इतक्या आस्थेनं कुठलीच खतावणी वाचली नाही. नावं अशी: बँकवाले काका, पिवळा बंगला, दवाखान्यामागं, कुत्र्याचं घर. काम, पुढं रक्कम, आणि मिळाले तर बरोबरची खूण. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी तारीख लिहून पुढं फक्त एक आडवी रेघ.

मार्च महिना मी कागदावर उतरवून घेतला. एकतीस दिवसांत अकरा रेघा. नऊ दिवस विजापूर रोडवरच्या एका बंगल्याच्या साइटवर. दोन बाथरूम, स्वयंपाकघर आणि टाकीची लाइन मिळून काम सतरा हजारांचं, पण हातात आले नऊ हजार. उरलेले फिटिंग झाल्यावर, आणि फिटिंग टाइल्स झाल्यावर, आणि टाइल्सवाला गावाला गेलेला. राहिलेल्या अकरा दिवसांत सव्वीस किरकोळ कामं, त्यांचे नऊ हजार सातशे, आले आठ हजार नऊशे. म्हणजे जमा सतरा हजार नऊशे. त्यातून मदतनिसाच्या नऊ दिवसांचे साडेचार हजार, पेट्रोलचे अठराशे, पाइपाला आटे पाडायच्या डायचे दात, ड्रिलची बिटं, पाती मिळून नऊशे. उरले दहा हजार सातशे. मोबाइलच्या दुकानातल्या माझ्या भाच्यापेक्षा कमी.

मग मी दिवाळीआधीच्या महिन्याचं पान काढलं. लोक रंगकाम करतात, पाहुणे येणार असतात, वास्तुशांतीचे मुहूर्त असतात. त्या महिन्यात खर्च जाऊन अडतीस हजार. आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या मुलींना इतके मिळत नाहीत.

मला चैन पडेना. कॅल्क्युलेटर मागवून बारा महिन्यांची बेरीज केली. खर्च वजा जाता दोन लाख एकसष्ट हजार. बारानं भागलं तर पावणेबावीस हजार. अण्णांच्या बायको ओट्याजवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बावीस हजार? मग आमच्या घरात कधी दिसले कसे नाहीत?" दिसणार कसे? त्या घरात एखाद्या महिन्यात दहा येतात आणि एखाद्यात अडतीस. दहाच्या महिन्यातली उसनवारी अडतीसच्या महिन्यात फिटते. सरासरी नावाची रक्कम त्यांच्या हातात कधी पडतच नाही. हे मी वर्गात सरासरी शिकवताना आजवर कधी बोलले नव्हते.

त्यातही एक खातं मी धरलं नव्हतं. अण्णा शेहेचाळीस वर्षांचे आहेत. तीस वर्षं बेसिनखाली, कमोडमागं, हौदाच्या तळाशी उकिडवं बसून गुडघे गेले. "हौदात उतरायला आता पोरगं लागतं," ते म्हणाले. कारखान्याच्या यंत्राचा घसारा आपण दरवर्षी नफ्यातून वजा करतो. त्यांच्या गुडघ्याचा करायचा ठरवला तर पावणेबावीस हजारांतून काय वजा करू, मला सांगता येत नाही.

वहीत न लिहिलेली जमाही होती. मी सरळच विचारलं, दुकानदार काही देतात का? ते क्षणभर गप्प राहिले. "देतात ताई. मालावर टक्का देतात. कंपनीच्या खोक्यात कूपन असतं, ते स्कॅन केलं की पॉइंट पडतात. घेतो मी." मला हे आवडत नाही आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवलं. महागडा वॉल मिक्सर त्यांनी आपल्या बाथरूमला शोभतो म्हणून सुचवला की कूपन आहे म्हणून, हे घरमालकाला कसं कळणार? पण त्यांचं पुढचं वाक्यही खोटं नव्हतं. "नळ बाविसशेचा घेताना कुणी काही बोलत नाहीत. तो बसवायचे तीनशे म्हटलं की दीडशे करा म्हणतात." वस्तूवर छापील किंमत असते म्हणून आपण ती निमूट देतो. हाताच्या कौशल्यावर काहीच छापलेलं नसतं, म्हणून त्यावर घासाघीस. मग तो माणूस आपली मजुरी वस्तूच्या किमतीत लपवायला शिकतो. सांगितली तेवढी मजुरी आपण न कुरकुरता दिली असती, तर कूपनची चटक कमी लागली असती असं मला मनापासून वाटतं.

बघायला बोलावल्याचे पैसे तर कुणीच देत नाही. येऊन, वाकून, गळती कुठली ते शोधून सांगितलं की "बरं, कळवतो." ओल एका भिंतीत दिसते आणि पाणी भलतीकडूनच येत असतं. ते ओळखणं हेच अर्धं काम. त्याची नोंद वहीत नाही.

दोन-तीन ठिकाणी कामाचं नाव लिहून पुढं फुली होती. विचारलं तर म्हणाले, नळाच्या लाइनला थेट मोटर लावून द्या म्हणत होते. थेट मोटर लावली की मागच्या घरांना थेंब येत नाही, आणि सापडली तर महापालिका मोटर उचलून नेते. "मी नाही लावत. माझीच आई तसल्या शेवटच्या घरात पाणी भरायची." त्या फुल्यांचे पैसे दुसऱ्या कुणीतरी घेतले असणार.

सगळ्यात शेवटी त्यांनी मागचं पान उघडलं. तिथं फक्त येणं. वर्षभराचं साडेचौतीस हजार. पानं उलटताना त्यांनी एक पान जरा घाईनं उलटलं आणि माझी नजर तिथंच गेली. "हिशेबाच्या मॅडम. बाथरूम. १,५०० येणे."

दोन वर्षांपूर्वी आम्ही वरच्या मजल्याचं बाथरूम केलं. शेवटी एक टाइल कोपऱ्यातून उडालेली दिसली. टाइल टाइल्सवाल्यानं उडवली होती, पण त्याचे पैसे आधीच चुकते झाले होते. समोर होते अण्णा. आमच्या यांनी म्हटलं, फिनिशिंग झाल्यावर देऊ. फिनिशिंग कधी झालं, कुणी ठरवलं, मला आठवत नाही. अण्णा त्यानंतर आमच्याकडे कमीत कमी सहा वेळा आले. त्या तुटक्या निप्पलच्या दिवशीही चारशे घेऊन गेले आणि पंधराशेबद्दल चकार शब्द काढला नाही. मी विचारलं, का नाही मागितले? "मागितलं की पुढचं काम जातंय, ताई." मी तिथंच पैसे दिले. त्यांनी पेन काढून त्या ओळीवर रेघ मारली आणि तारीख टाकली. मला त्यांच्या बायकोकडे बघवेना.

सरकारदरबारी काय आहे तेही मी विचारलं. १९९६च्या कायद्यानुसार बांधकाम कामगारांचं कल्याणकारी मंडळ आहे, त्यात प्लंबर बसतो. पण नोंदणीला वर्षभरात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कुत्र्याच्या घरी वीस मिनिटं आणि पिवळ्या बंगल्यात अर्धा तास काम करणाऱ्याला नव्वद दिवसांचा दाखला कोण लिहून देणार? अण्णांनी दोनदा कागद गोळा केले आणि दोनदा ठेवून दिले. २०२३ साली पारंपरिक कारागिरांसाठी केंद्राची विश्वकर्मा योजना आली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत: सुतार, लोहार, गवंडी, शिंपी, न्हावी, हार करणारे. प्लंबर नाही. नळ आपल्या परंपरेत उशिरा आला, त्याची ही शिक्षा म्हणायची का?

बहिणीला मी सगळं सांगितलं. पावणेबावीसही सांगितले आणि दहा हजार सातशेही. आयटीआयचा प्लंबरचा कोर्स एक वर्षाचा आहे, तोही कर, नुसतं हाताखाली राहू नकोस, असं भाच्याला बजावलं. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यात पट्टामुंडाईला तर या एका धंद्यासाठी सरकारी संस्था आहे, आणि तिकडचे प्लंबर देशभर कामं करतात. तिथं आई-बाप मुलाला प्लंबर करताना आवाज खाली आणत नसतील. बहीण म्हणाली, "तिकडचं तिकडं. इथं लग्न जमवायचंय मला." तिचंही खोटं नाही, आणि मी तिच्याशी वाद घातला नाही.

भाचा मात्र गेल्या पाळीला सुट्टी काढून आमच्याकडे राहायला आला. पहाटे पावणेतीनला पाणी आलं, तीन वाजता अण्णांचा फोन. तो त्यांच्या मागं गाडीवर बसून गेला तो अकराला परतला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बोटांना पाइप चिकटवायच्या सॉल्व्हेंटचा वास, डाव्या हाताच्या मागं साल गेलेली. खिशातून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली आणि न्याहारीत शेंगाचटणी-भाकरी खाताना चार घरांतल्या चार गळत्या मला एकेक करून सांगितल्या. तिसऱ्या घरात म्हणे गळती सापडतच नव्हती, तेव्हा अण्णांनी सगळ्यांना गप्प बसवलं आणि पाइपाला स्क्रूड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावला. मग यालाही ऐकवलं. "आतून बारीक सुरसुर येते मावशी. एकदा कळली की मग सगळीकडे ऐकू येते."

हात धुवायला तो अंगणात गेला, तो बराच वेळ आला नाही. बघते तर हौदाचं झाकण सरकवून, पोटावर पडून आत कान देऊन ऐकत होता.

"मावशी, तुमचा बॉल कॉक पूर्ण बसत नाहीये. पाणी आहे तोवर बदलायला पाहिजे. अण्णांना फोन लावू?"